डावी कुणाची?

आमच्या लग्नाच्या फोटोत मी उभी आहे, माझा नवरा उभा आहे आणि त्याच्या पलीकडे एक भोक उभं आहे. ते भोक म्हणजे माझ्या सासूबाई. मानेपासून वर काही नाही. खाली कडक इस्त्रीची बाही आणि नवऱ्याच्या दंडावर ठेवलेला हात तेवढा शिल्लक आहे. नवीन माणूस घरी आला, फोटो बघून गप्प झाला, की मीच सांगून टाकायची, की काही वाईट झालेलं नाही, त्या स्वयंपाकघरात आहेत आणि त्यांनीच कापलंय.

अख्खा अल्बम असाच आहे, उंदीर लागल्यासारखा. नणंदेच्या पदवीच्या दिवशीचा फोटो, त्यात भोक. समुद्रावरची सहल, तीन माणसं, एक कुत्रा आणि एक भोक. आईंचं त्यात रागाचं काही नसायचं. फोटो हातात घ्यायच्या, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढायच्या, नीट बघायच्या आणि म्हणायच्या, "ही मी नाही." मग चुकीचा लागलेला खिसा उसवावा तितक्या शांतपणे स्वतःला कापून काढायच्या. ते कापलेले चेहरे कुठे जायचे, विचारू नका. केराच्या टोपलीत जायचे.

आईंनी चाळीस वर्षं बायकांचे कपडे शिवले. घराची पुढची खोली म्हणजे त्यांचं दुकान. तिथे भिंतीला माणूसभर उंचीचा लाकडी चौकटीचा आरसा होता, आणि त्याच्यासमोर गिऱ्हाइकांना उभं करून, तोंडात टाचण्या धरून, त्या माप काढायच्या. स्वतः दिवसातून शंभर वेळा त्याच आरशात दिसायच्या. त्यांच्याकडे दोन कात्र्या होत्या. मोठी, काळ्या मुठीची, फक्त कापडाची. छोटी कागदाची. मोठीनं कागद कापला की धार जाते, हा या घरचा पहिला कायदा. लग्नानंतर आठवड्यातच मी मोठ्या कात्रीनं एक पाकीट उघडलं. नवऱ्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं, की त्याचं माझ्यावर प्रेम आहे, पण या बाबतीत तो माझी बाजू घेऊ शकणार नाही.

नवरा शाळेत चित्रकला शिकवतो आणि घरी मागच्या खोलीत ठसे काढतो, म्हणजे पत्र्यावर चित्र कोरून ते कागदावर छापतो. मी हॉस्पिटलात एक्स-रे काढते. म्हणजे दोघंही माणसांच्या प्रतिमाच काढतो, फक्त माझ्याकडच्या माणसांना रांगेत उभं राहावं लागतं आणि त्याच्याकडे कुणी येत नाही.

तीन वर्षांपूर्वी आईंना धाप लागायला लागली. तपासण्या माझ्याच हॉस्पिटलात झाल्या. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, सांभाळा. घरी आल्यावर नवरा बूटसुद्धा न काढता अल्बम घेऊन बसला. एकेक पान उलटत गेला, मिटला आणि म्हणाला, "आई गेल्यावर मी काय बघायचं? भोकं?"

मला आधी हसू आलं, आणि मग नाही आलं.

"एक तरी चित्र असं करीन," तो म्हणाला, "की ते बघून ती कात्री मागणार नाही."

आता, आई समोर बसलेली, हातात पेन्सिल, काढायचं चित्र आणि मोकळं व्हायचं. पण सरळ रस्त्यानं गेला तर तो कलावंत कसला. त्याचं म्हणणं, सगळं अडतं ते आईच्या गालांपाशी. आईंचे गाल खरोखर बघण्यासारखे होते, पंचाहत्तरीतही गुलाबी. त्यांच्या डाव्या गालावर एक ठसठशीत तीळ होता. ब्रशनं लावलेला रंग कातडीवर बसतो, तो म्हणाला, आतून आल्यासारखा दिसत नाही. त्यासाठी रंगीत ॲक्वाटिंटच पाहिजे.

ॲक्वाटिंट म्हणजे पाण्यासारखा रंग, असं तो सांगतो. मला पाण्याचा संबंध एकाच ठिकाणी दिसला, आमचं सिंक तुंबलं तिथे. तांब्याचा गुळगुळीत पत्रा घ्यायचा. राळेची बारीक पूड एका बंद खोक्यात उधळायची, त्यात पत्रा सरकवायचा, की पूड पिठासारखी त्याच्यावर बसते. हे खोकं म्हणजे आमचं चपलांचं कपाट. तेव्हापासून आमच्या चपला दारात असतात. मग पत्रा खालून तापवायचा, म्हणजे राळेचे कण वितळून चिकटतात. हे काम माझ्या गॅसवर. मग पत्रा ॲसिडात. कणांच्या मधलं तांबं ॲसिड खातं, आणि त्या खडबडीत जागेत शाई बसते. जितका वेळ ॲसिडात, तितका रंग गडद. जिथे फिकं हवं तिथे आधीच व्हार्निश फासायचं. ॲसिडाच्या ट्रे मात्र माझ्या. हॉस्पिटलात कॉम्प्युटरवाली मशीनं आली, फिल्म धुवायच्या ट्रे भंगारात निघाल्या, त्या मी उचलून घरी आणल्या. या सगळ्या प्रकरणातली माझी पहिली चूक ती.

रंगीत करायचं तर असे तीन पत्रे, पिवळा, लाल आणि निळा. एकच ओला कागद एकामागून एक तिन्हींवरून रोलरखालून जाणार. केसभर सरकला तरी माणसाला दोन नाकं येतात.

आणि सगळ्यात मोठी गोम म्हणजे ठसा उलटा येतो. रबरी शिक्का बघा, त्यावरची अक्षरं उलटी असतात म्हणून कागदावर सुलटी उमटतात. म्हणून नवरा काय करायचा, आईंना समोर बसवून पातळ कागदावर चित्र काढायचा आणि तो कागद पालथा करून तांब्यावर उतरवायचा. उलट्याचं उलटं म्हणजे सुलटं. शिवाय टेबलावर आईंचा हात-आरसा टांगलेला होता. पत्रा त्यात बघितला की छापल्यावर कसा दिसेल ते कळायचं. आरसा नेल्याबद्दल आई रोज कुरकुरायच्या.

पहिला ठसा निघाला तेव्हा मला भरून आलं होतं. हुबेहूब आई. नवऱ्यानं तो पुढच्या खोलीत नेला. आईंनी चष्मा ओढला, बघितलं.

"ही मी नाही," त्या म्हणाल्या. "छोटी कात्री दे गं."

नवरा म्हणाला, "रंग चुकला. गाल भाजल्यासारखे झालेत."

ती दोन वर्षं अशी सुरू झाली. त्यानं एक वही केली. लाल पत्रा ॲसिडात सात मिनिटं, गाल विटेसारखे. पाच मिनिटं, ताप आल्यासारखे. चार, मेण. राळ बारीक दळली, राळ जाड ठेवली, पिवळा आधी, पिवळा शेवटी. मी ड्यूटीवरून यायची तेव्हा हा शाईनं माखलेले हात वर धरून दारात उभा असायचा आणि विचारायचा, "हा गुलाबी बघ, हा कसा वाटतो?" बाराव्या वेळी मी सांगून टाकलं, की मला आता टोमॅटोसुद्धा बघवत नाही. त्यावर तो म्हणाला, टोमॅटोत गुलाबी नसतोच. घ्या.

दर वेळी आई बघायच्या, दर वेळी कात्री. माझ्या डोळ्यांना तर तिसराच ठसा पसंत पडला होता, पण माझं कोण ऐकतो. शेवटी मी म्हटलं, "अरे, त्यांनाच विचार ना, नेमकं काय चुकतंय."

त्यानं विचारलं.

"मला काय विचारतोस?" आई म्हणाल्या. "चित्रकार तू आहेस. मी एवढंच सांगू शकते की ही बाई मी नव्हे. शेजारून आलेली वाटते कुणीतरी. चांगली असेल बिचारी."

सोळाव्या ठशाला भलतंच झालं. तो पातळ कागद असा, की रेषा दोन्हीकडून सारख्याच दिसतात. पिवळ्या आणि लाल पत्र्यावर नवऱ्यानं तो नेहमीसारखा पालथा ठेवला. निळ्याच्या वेळी शाळेतून फोन आला, बोलता बोलता कागद उचलला गेला, पुन्हा ठेवला गेला आणि तो सुलटा पडला. छापल्यावर एका कागदावर दोन आया आल्या, एकमेकींकडे तोंड केल्यासारख्या, आणि दोन गालांवर दोन तीळ, एक तांबडा, एक निळा. नवरा डोकं धरून बसला. मी मात्र पोट धरून हसले आणि तो कागद आईंना दाखवायला नेला.

आईंनी छोटी कात्री लावली आणि अर्ध्यात थांबल्या.

"यातली निळी बरी आहे," त्या म्हणाल्या.

दोन वर्षांत पहिल्यांदा त्या कशाला तरी बरं म्हणाल्या होत्या. नवरा उडीच मारायचा बाकी होता. "निळा कमी पडत होता," तो म्हणाला, "गुलाबीच्या खाली निळा हवा, मला आधीच कसं सुचलं नाही." आणि पुढचे दोन महिने तो गालांखाली निळा घालत बसला. आईंनी एवढं स्पष्ट सांगितलं होतं, तरी आम्हा दोघांच्या टाळक्यात उजेड पडला नाही. पालथ्या घड्यावर पाणी.

पण दोन आयांचा प्रकार पुन्हा होऊ नये, म्हणून मी मध्ये पडले. माझ्या नोकरीत डावं-उजवं चुकलं तर एखाद्याचा चांगला गुडघा उघडला जातो. म्हणून प्रत्येक एक्स-रेवर बाजू दाखवणारं शिशाचं अक्षर ठेवतात. बावीस वर्षांत माझं एकदाही चुकलेलं नाही, हे मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. मी नवऱ्याचा चित्राचा कागद घेतला, आईंच्या तिळाच्या बाजूच्या कडेला लाल चिकटपट्टी लावली, दुसऱ्या कडेला हिरवी. गुंडाळी करून त्याच्या हातात दिली.

"लाल म्हणजे डावी, हिरवी उजवी," मी म्हटलं. "आता झोपेतसुद्धा चुकणार नाहीस."

त्याच्या तोंडात व्हार्निशचा ब्रश होता. तो काढून तो म्हणाला, "लाल डावी. म्हणजे तांब्यावर लाल पट्टी उजव्या हाताला आली, की कागद पालथा पडला."

"असेल. तुझं तुला ठाऊक."

"बरं झालं. मग तो आरसाही नको आता. देऊन टाक आईला, रोजची कटकट जाईल."

मी आरसा आईंना नेऊन दिला. त्या म्हणाल्या, देव पावला. आम्ही दोघं स्वतःवर इतके खूश होतो, की त्या दिवशी सिंकसुद्धा त्यानं साफ केलं.

अठरावा ठसा एका रविवारी दुपारी निघाला. नवऱ्यानं रोलरचं चाक फिरवलं, जाड लोकरी कापड उचललं आणि कागदाचा एक कोपरा धरून हळूहळू सोलला. मी काही कलेतली नाही. पण तो गुलाबी बघून मी हातातलं फडकं खाली ठेवलं. गालावर रंग लावलेला वाटतच नव्हता. जिना चढून आलेल्या माणसाच्या गालावर येतो तसा तो आतून वर आला होता. तिन्ही पत्रे तंतोतंत बसले होते. एक नाक, एक तीळ. नवऱ्यानं खालच्या पांढऱ्या मोकळ्या पट्टीत पेन्सिलनं लिहिलं, १/१५, म्हणजे पंधरातला पहिला, आणि पलीकडे सही केली. इतकी ठळक सही मी त्याची लग्नाच्या रजिस्टरमध्येही बघितली नव्हती.

तेवढ्यात ताई आली. ताई म्हणजे माझी नणंद, नवऱ्याची मोठी बहीण. बँकेत असते आणि कुठल्याही गोष्टीतली चूक तिला दारातूनच दिसते.

"वा, रंग छान आहे रे," ती म्हणाली. "कोण आहे ही?"

"कोण म्हणजे? आई."

ताईनं कागदाकडे बघितलं, मग भावाकडे. "आईचा तीळ त्या गालावर कधीपासून गेला? आणि भांग? भांगही पलीकडे आहे. काहीतरी मावशीसारखी दिसतेय. नाही, मावशीसारखीसुद्धा नाही."

नवरा वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला. मग तांब्याचे तिन्ही पत्रे ओळीनं मांडून बघितले, मग गुंडाळी उलगडून लाल पट्टी बघितली.

"लाल म्हणजे डावी," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "तूच म्हणालीस."

"हो. डावीच आहे."

"कुणाची डावी?"

"कुणाची म्हणजे? आईंची."

"आईची?"

"मग कुणाची? माझ्यासमोर पेशंट उभा असतो. मी डावी म्हणते तेव्हा त्याची डावी म्हणते. जगात सगळे तेच करतात."

"जगात सगळे कागदाची डावी म्हणतात. बघणाऱ्याची. माझी."

"कागदाला गुडघे नसतात," मी म्हटलं. आता मागे वळून बघितलं तर हे वाक्य मी गिळायला हवं होतं.

त्यानं टोकदार पोलादी सुई उचलली आणि पहिल्या पत्र्यावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एक ओरखडा ओढला. मग उलट्या बाजूनं दुसरा. फुली. ठसे काढून झाले, आता पुन्हा छापायचं नाही, अशी या ठसे काढणाऱ्यांची खूण असते, ती सगळे ठसे निघाल्यावर मारतात. यानं एका ठशावर मारली. लाल, निळा, पिवळा, तिन्हींवर. ताई म्हणाली, "अरे, अरे." मी तर जागची हललेच नाही. मला त्याचा राग आला होता आणि स्वतःची लाज वाटत होती, आणि दोन्ही एकदम आली की माणूस नुसता उभा राहतो.

मग त्यानं कागदाकडे हात नेला. तेव्हा मात्र मी मध्ये गेले.

"फाडू नकोस. आईंना बघू दे."

"कापेल ती."

"कापू दे. सतरा कापली, अठरावं कापतील. तो त्यांचा हक्क आहे, तुझा नाही."

"कसला आवाज होतोय मघापासून?" आई दारात उभ्या होत्या. पुढच्या खोलीतून तिथवर चालत आल्या म्हणून त्यांना धाप लागली होती आणि गाल, हो, अगदी तसेच झाले होते.

त्यांनी माझ्या हातातून कागद घेतला, चष्मा ओढला. नेहमी त्यांना दोन सेकंद पुरायची. या वेळी त्या बघतच राहिल्या. मग कागद घेऊन उजेडात, पुढच्या खोलीत गेल्या. आम्ही तिघं मागून, निकालाला निघाल्यासारखे. आरशासमोरच्या स्टुलावर त्या बसल्या. एका हातानं स्वतःचा भांग चाचपला.

"आले बाई एकदाची," त्या म्हणाल्या.

नवरा म्हणाला, "काय?"

"मी म्हटलं, आले. इतकी वर्षं कुणाकुणाला घेऊन येत होतास. ही मी." मग त्यांनी कागदाची मोकळी कड अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून चोळली, कापडाचा पोत बघतात तशी. "हे कापसाचं आहे ना रे?"

"हो. कापसाचाच कागद आहे तो."

"म्हणजे कापडच की. मोठी कात्री आण गं."

मी दिवसभर लोकांना सांगत असते, श्वास घ्या, रोखा, हलू नका. त्या दिवशी त्या खोलीत आम्ही तिघांनी न सांगता श्वास रोखला होता. मी काळ्या मुठीची कात्री आणून दिली. देणार नाही म्हणायची माझी काय बिशाद. आईंनी कागद मांडीवर सरळ केला, आणि त्या कात्रीचा एकच लांब, सरळ, न थांबता होणारा आवाज आला. मग दुसऱ्या कडेला. मग वर. मग खाली.

चेहऱ्याला कात्री लागली नाही. चारी बाजूंची पांढरी कड मात्र जमिनीवर पडली होती, आणि खालच्या पट्टीत नवऱ्याची ठळक सही आणि १/१५.

"शिवणीला एवढं सोडतात होय," आई म्हणाल्या.

"आई," नवरा म्हणाला, "त्यात माझी सही होती."

"सही कशाला हवी? तू काढलंस ते मला माहीत आहे की."

ताई तोंडावर हात ठेवून स्वयंपाकघरात निघून गेली. नवरा जमिनीवरच्या पट्ट्यांकडे बघत होता. ज्या बाईनं आयुष्यभर प्रत्येक फोटोतून स्वतःला कापलं, तिनं त्या दिवशी स्वतःला ठेवलं आणि मुलाला कापलं. वर ती पट्टी फुकट जाऊ नये म्हणून दुसऱ्या दिवशी तिच्यावर लाल दोरा गुंडाळून शिवणाच्या टोपलीत ठेवून दिली.

जेवताना नवरा म्हणाला, "गुलाबी. मी पहिल्यापासून सांगत होतो, सगळं गुलाबीवर आहे."

मी तोंड उघडलं आणि भाताचा घास घातला.

मला कळलं ते सकाळी. आईंनी ते चित्र आरशाच्या लाकडी चौकटीला टाचणीनं टोचलं होतं, काचेच्या अगदी शेजारी, आणि समोर उभ्या राहून भांग पाडत होत्या. काचेतली आई आणि कागदावरची आई. दोघींचा तीळ एकाच बाजूला. दोघींचा भांग एकाच बाजूला. आईंनी जन्मभर स्वतःला कुठे बघितलं होतं? फक्त इथे. आम्ही ज्यांना आई म्हणून ओळखत होतो, त्या बाईला त्या कधी भेटल्याच नव्हत्या, फोटोत भेटल्या की कापून टाकत होत्या. दोन वर्षं माझ्या नवऱ्यानं उलट्याचं सुलटं करण्यात घालवली आणि त्यांना हवं होतं ते उलटंच. नुसता कागद न फिरवता ठेवला असता तर पहिल्या दिवशी काम झालं असतं.

हे मी त्याला सांगितलं नाही. दोन वर्षांच्या गुलाबीवर पाणी कोण ओतणार.

त्यानंतर आई वर्षभर होत्या. आल्यागेल्याला चित्र दाखवायच्या, "मुलानं काढलंय, सही नाही त्याच्यावर, पण त्याचंच आहे." लोक म्हणायचे, छान आहे, आणि हळूच मला विचारायचे, या कोण. मग एका पहाटे त्या झोपेतच गेल्या. कुणाला हाक नाही, काही नाही. त्यांच्या स्वभावाला धरूनच.

भिंतीवर फोटो लावायला ताईनं अल्बम काढला आणि पुन्हा ठेवून दिला. ते चित्र तेवढं होतं. नवऱ्यानं ते आरशाच्या चौकटीवरून काढून समोरच्या भिंतीवर लावलं. रोज शाळेतून आला की त्याच्यासमोर आईंच्या स्टुलावर बसायचा. मला वाटायचं, बरं वाटत असेल त्याला. महिनाभरानं एका संध्याकाळी मी चहा घेऊन गेले, तर तो म्हणाला, "मला यात आई दिसत नाही."

मी चहा ठेवला.

"तिला आवडलं म्हणून मी गप्प बसलो. पण ताई बरोबर होती. ही दुसरीच कोणीतरी आहे. मी रोज बसतो, वाट बघतो, ती येतच नाही. एक चित्र केलं मी, आणि तेही..." मग म्हणाला, "तिला तिची आई... छे, काय बोलतोय मी. तिला ती मिळाली. मला नाही मिळाली. आणि पत्र्यांवर मीच फुल्या मारल्या."

एवढ्या दिवसांत मला पहिल्यांदा रडू आलं. चूक माझी होती, आणि ती मी बावीस वर्षांच्या तोऱ्यात केली होती, आणि ते त्याला कधी म्हटलंही नव्हतं. आता म्हटलं. मग ते चित्र भिंतीवरून काढलं आणि दोन्ही हातांनी छातीशी धरून आरशासमोर उभी राहिले, चित्राचं तोंड काचेकडे करून.

"इकडे बघ," मी म्हटलं. "माझ्याकडे नको. आरशात."

त्यानं बघितलं. स्टूल सरकल्याचा आवाज आला. तो उठून माझ्यामागे येऊन उभा राहिला. आरशात आम्ही दोघं होतो, दमलेले, आणि आमच्यापुढे आई. गाल गुलाबी, जिना चढून आल्यासारखे, भांग आपल्या जागी, तीळ आपल्या जागी, आणि आता काही तरी बोलणार असं तोंड. माझे हात भरून आले तरी मी ते खाली घेतले नाहीत.

मग तो म्हणाला, "तीळ डावीकडे आहे."

"कुणाच्या?" मी विचारलं.

"आईच्या," तो म्हणाला.